सेंटर बॅकने कोच व्हायचं ठरवलं तर

सेंटर बॅक, म्हणजे बचावाच्या मधोमध खेळणारा फुटबॉलपटू, नव्वद मिनिटं बोलत असतो. "डावीकडे सरक", "मागे माणूस आहे", "वर चला" असं ओरडत तो चूक घडण्याआधीच निस्तरतो. कोच झाल्यावर पहिली अडचण इथेच येते. मैदान ६८ मीटर रुंद असतं. टचलाइनवरून, म्हणजे बाजूच्या रेषेवरून, मारलेली हाक पलीकडच्या फुल बॅकपर्यंत (कडेच्या बचावपटूपर्यंत) पोचत नाही, आणि स्टेडियम भरलेलं असेल तर समोरच्या विंगरलाही (कडेने चढाई करणाऱ्यालाही) ती ऐकू जात नाही. म्हणजे आजवर जे तोंडाने भागत होतं, ते आठवडाभराच्या सरावात खेळाडूंच्या पायात बसवावं लागतं. त्यासाठी काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं आणि बहुतेकांचं कुठे चुकतं, ते पुढे सांगितलं आहे.

परवाने खेळत असतानाच

भारतात पायऱ्या ठरलेल्या आहेत. ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनचा ई, मग डी, त्यानंतर आशियाई महासंघाच्या चौकटीतले सी, बी, ए आणि सर्वांत वर प्रो. महाराष्ट्रात हे वर्ग वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनमार्फत होतात, गोव्यात गोवा फुटबॉल असोसिएशनमार्फत. वरच्या पायऱ्यांवर एक वर्ग संपला की लगेच पुढच्याला बसता येत नाही. मधल्या काळात प्रत्यक्ष संघ हाताळल्याचा अनुभव मागतात. पस्तिशीत निवृत्त होऊन मग डीचा अर्ज भरलात, तर इंडियन सुपर लीगच्या मुख्य कोचला लागणारा प्रो हातात येईपर्यंत चाळिशी उलटलेली असते. डी आणि सी हे दोन तरी खेळत असतानाच, मोसम संपल्यावरच्या सुटीत उरकून घ्यावेत.

जॅक चार्लटनने हेच केलं होतं. लीड्सकडून खेळत असतानाच तो लिलशॉलला इंग्लिश फुटबॉल असोसिएशनच्या कोचिंगच्या वर्गांना जात होता. १९६६ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंड संघाचा तो सेंटर बॅक. १९७३ मध्ये बूट काढले त्याच उन्हाळ्यात मिडल्सब्रोचा मॅनेजर झाला आणि पहिल्याच मोसमात दुसरी डिव्हिजन १५ गुणांच्या फरकाने जिंकली. विजयाला दोनच गुण मिळत, त्या काळातला हा फरक आहे.

परवान्याच्या प्रात्यक्षिक परीक्षेत विषय देतात, मैदानाचा तुकडा देतात आणि सोबतचे उमेदवार खेळाडू म्हणून देतात. नावाजलेले खेळाडूही इथे अडतात, कारण ते बोलत सुटतात. सराव थांबवला की बोलायला पंधरा-वीस सेकंद पुरेत. जे सांगायचं ते जागेवर उभं राहून दाखवायचं, एकदा पुन्हा करून घ्यायचं आणि खेळ सोडून द्यायचा. दीड मिनिटाचं भाषण झालं की खेळाडू थंड पडतात आणि परीक्षकाचं पेन चालू होतं. दुसरी चूक म्हणजे जी चूक दिसेल ती दुरुस्त करायला धावणं. विषय "बॉल बाजूला असताना बचावाची रचना" असा असेल, तर स्ट्रायकरने वाईट शॉट मारला तरी तिकडे बघायचं नाही.

पहिली नोकरी

परवाना नसताना मोठं पद मिळाल्याची उदाहरणं लोक हटकून देतात. त्यात पहिलं नाव जर्मनीचा दिग्गज बचावपटू फ्रान्झ बेकेनबाउअरचं. १९८४ मध्ये पश्चिम जर्मनीचा संघ त्याच्या हाती दिला, तेव्हा त्याच्याकडे परवाना नव्हता, म्हणून त्याला "टीमशेफ" असं वेगळं पदनाम दिलं. १९८६ ला उपविजेतेपद आणि १९९० ला विश्वचषक. पण त्याच्या शेजारी होल्गर ओसिएकसारखा शिकलेला कोच बसलेला असे, हे सांगायचं राहून जातं. शिवाय समोरचा माणूस बेकेनबाउअर होता!

इंग्लंडचा माजी बचावपटू गॅरेथ साउथगेटचं उदाहरण जास्त कामाचं आहे. २००६ च्या उन्हाळ्यात तो मिडल्सब्रोचा कॅप्टन होता. प्रो परवाना नसल्यामुळे खास सवलत घेऊन त्याला त्याच क्लबचा मॅनेजर केलं. २००९ मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खाली गेला आणि त्याच ऑक्टोबरमध्ये त्याची नोकरी गेली. २०१३ पासून त्याने इंग्लंडच्या २१ वर्षांखालच्या संघाबरोबर काम केलं, २०१६ मध्ये मुख्य संघ घेतला आणि पुढे दोन युरो स्पर्धांच्या अंतिम सामन्यांपर्यंत नेला. काल ज्यांच्यासोबत ड्रेसिंग रूममध्ये मालकांना शिव्या घातल्या, त्यांनाच आज संघाबाहेर बसवायचं, हे पहिल्या नोकरीत कोणालाही जड जातं. शक्य असेल तर पहिला मुख्य संघ दुसऱ्या क्लबचा घ्या. आपल्याच क्लबमध्ये राहायचं असेल तर मुलांचा संघ घ्या.

नेदरलँड्सचा माजी बचावपटू रोनाल्ड कूमनने सरळ वाट धरली. १९९७ ला निवृत्ती, १९९८ च्या विश्वचषकात मुख्य कोच हिडिंकच्या हाताखाली डच संघात सहायक, मग बार्सिलोनात कोच व्हॅन गालचा सहायक. स्वतःचा संघ, व्हिटेस, त्याने २००० मध्ये घेतला. २००२ ला आयाक्सबरोबर लीग जिंकली. सहायक असताना दोन गोष्टी शिकता येतात: सराव कसा आखतात आणि मुख्य कोचची चूक झाली की तिचं ओझं कोण उचलतं. दुसरी गोष्ट कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत.

आपल्याकडचं उदाहरण डेरिक परेरांचं. साळगावकर आणि भारताचा बचावपटू, नंतर मुंबईच्या महिंद्र युनायटेडचा कोच आणि २००५-०६ चं नॅशनल फुटबॉल लीगचं विजेतेपद. पुढे पुणे एफसी: पहिल्याच आय-लीगमध्ये, २००९-१० ला, तिसरा क्रमांक आणि २०१२-१३ ला दुसरा. नंतर एफसी गोवामध्ये तांत्रिक संचालकाची जबाबदारी, आणि डिसेंबर २०२१ मध्ये मुख्य कोच अचानक निघून गेल्यावर संघाची सूत्रंही त्यांच्याचकडे आली. यातले महिंद्र २०१० मध्ये बंद झालं आणि पुणे एफसीही राहिला नाही. भारतात चांगली कामगिरी करूनही पायाखालचा क्लबच नाहीसा होऊ शकतो. म्हणून मुलांचं प्रशिक्षण, खेळाडू हेरणं, अकादमीचं वेळापत्रक ही कामंही अंगवळणी पडलेली असावीत.

करारात चार गोष्टी लेखी घ्याव्यात: संघनिवड कोणाची, मैदान आठवड्यातून किती तास, फिजिओ कोण देणार आणि काढलं तर किती महिन्यांचा पगार. चार्लटनने मिडल्सब्रोला जाताना पदाधिकाऱ्यांनी लुडबुड करायची नाही, हे आधी कबूल करून घेतलं होतं. मासेमारी आणि शिकारीसाठी सुट्याही मागून घेतल्या. त्या आपल्याकडे मिळायच्या नाहीत, पण निवडीचा मुद्दा मात्र तोंडी ठेवू नका. मंडळाचे अध्यक्ष मॅचच्या सकाळी फोन करतातच.

चार जणांची लाइन

बचाव शिकवणं बचावपटूला सोपं जाईल असं वाटतं, पण तसं होत नाही. वीस वर्षं जे आपोआप घडत आलं, ते शब्दांत पकडता येत नाही. यावर उपाय आहे. स्वतःच्या जुन्या मॅचची वीस मिनिटांची चित्रफीत लावा. तुम्ही हललात तिथे थांबवा आणि एका ओळीत लिहा: बॉल कुठे होता, समोरच्याचं डोकं वर होतं की खाली, मी किती पावलं गेलो. पन्नासेक ओळी झाल्या की त्यातून पाच-सहा नियम दिसायला लागतात. खेळाडूंना ते नियम द्यायचे.

बहुतेकांच्या वहीतून निघणारे दोन नियम असे. बॉल ज्याच्या पायात आहे त्याच्यावर दबाव नसेल, त्याचं डोकं वर असेल आणि पाय मागे गेला असेल, तर लाइन, म्हणजे मागच्या चौघांची रांग, आपल्या गोलकडे खाली येते. बॉल मागे गेला, आडवा आणि हळू गेला, किंवा घेणाऱ्याची पाठ आपल्याकडे असेल, तर लाइन वर जाते. "अप" आणि "ड्रॉप" हे दोनच शब्द ठेवा. ते एकाच माणसाने द्यायचे, आणि तो सेंटर बॅक असावा. दोघांनी दिले की अर्धे वर आणि अर्धे खाली. १९९० पासून बचावपटूच्या बरोबरीत असलेला खेळाडू ऑफसाइड धरत नाहीत, त्यामुळे अर्धं पाऊल मागे राहिलेला एक फुल बॅकही सगळी लाइन फुकट घालवतो.

सरावासाठी अर्धं मैदान घ्या. चार बचावपटू लाइनमध्ये, त्यांच्यासमोर १५ मीटरवर चार जण पूर्ण रुंदीत पसरलेले. समोरचे चौघे फक्त आपसात पास देतात. पहिली पाच-सहा मिनिटं सगळं चालत, बॉल हिसकावणं नाही. प्रत्येक पासनंतर शिट्टी. शिट्टीला जो जिथे आहे तिथेच थांबतो आणि तुम्ही अंतरं बघता. बॉल मध्ये असेल तर दोन सेंटर बॅकमध्ये ८ ते १० मीटर. बॉल बाजूच्या रेषेला गेला की जवळचा फुल बॅक बाहेर जाऊन माणसापासून दीड-दोन मीटरवर तिरका उभा राहतो, जवळचा सेंटर बॅक त्याच्या मागे आतल्या अंगाला ५ ते ७ मीटरवर आणि लांबचा फुल बॅक थेट लांबच्या खांबाच्या समोर. हे जमलं की वेग वाढवा. मग सहा विरुद्ध चार आणि गोलकीपर: चार मिनिटांचे चार डाव, मध्ये दीड मिनिट विश्रांती.

नवे फुल बॅक लांबच्या खांबापर्यंत आत यायला घाबरतात. आपण धरायचा तो समोरचा विंगर मोकळा राहतो, हे त्यांना दिसत असतं. त्यांना हिशेब सांगा. ४० मीटरचा उंच पास पोचायला दोन-अडीच सेकंद लागतात आणि तेवढ्यात फुल बॅक १२ ते १५ मीटर धावू शकतो. आत न आल्यामुळे मधली जी फट उरते, तिच्यातून जमिनीवरचा पास एका सेकंदात जातो.

बाकीच्या चुका ठरलेल्या असतात. खाली उतरणाऱ्या स्ट्रायकरच्या मागे सेंटर बॅक जातो आणि मागे खड्डा पडतो. आठ-दहा मीटरपर्यंत जायचं, पुढे मिडफिल्डरच्या हवाली करायचं. चौघेही बॉलकडे बघतात आणि पाठीमागून येणारा कोणालाच दिसत नाही. लाइन गोलपासून ३५ मीटरवर असताना गोलकीपर खांबांच्या मध्येच उभा असतो, तेव्हा त्याला बॉक्सच्या कडेपर्यंत आणावं लागतं. हे शेवटचं मात्र मैदान बघून ठरवा. मुंबई-गोव्याच्या पावसात मातीच्या मैदानावर लाइनमागे पडलेला बॉल चिखलात रुततो, कीपरपर्यंत येतच नाही. अशा दिवशी लाइन पाच-सात मीटर खाली ठेवलेली बरी. कृत्रिम गवतावर पाणी असेल तर उलट होतं: बॉल घसरत थेट कीपरच्या हातात जातो, तेव्हा लाइन बिनधास्त वर ठेवा.

आक्रमण कुठून आणायचं

माजी बचावपटूंचे संघ शून्य-शून्यवर अडकतात, ही तक्रार पुष्कळदा खरी असते. हे कोच दुसऱ्याकडून उसनं घेतलेलं आक्रमण शिकवायला जातात: बघितलेले पासचे त्रिकोण, नव्या क्लबांचे नकाशे. खेळाडूंना ते पटत नाही, कारण कोचलाच ते आतून ठाऊक नसतं. तुमच्याकडे एक चांगला माल आहे, तो वापरा. बचावपटू म्हणून तुम्हाला सर्वांत जास्त कशाचा त्रास व्हायचा?

चार्लटनने १९८६ मध्ये आयर्लंडचा संघ घेतला, तेव्हा याच प्रश्नापासून सुरुवात केली. बचावपटूला नकोसा असतो तो फुल बॅकच्या पाठीमागे कोपऱ्याकडे पडलेला बॉल. तो घ्यायला स्वतःच्या गोलकडे तोंड करून पळावं लागतं, आणि मागून कोण किती जवळ आलंय ते दिसत नाही. चार्लटनच्या आखणीत बॉल तिथेच टाकायचा आणि तिथेच दाबायचं. दिसायला ओबडधोबड, पण लहान देशाच्या संघाने १२ जून १९८८ रोजी स्टुटगार्टला इंग्लंडला १-० ने हरवलं. गोल रे हॉटनचा, सहाव्या मिनिटाला. १९९० मध्ये आयर्लंड पहिल्यांदा विश्वचषकात पोचला आणि थेट उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला.

सरावात हे बसवायचं तर समोरच्या संघाच्या दोन्ही कोपऱ्यांत शंकू लावून १५ बाय २० मीटरचे चौकोन आखा. पास आपल्या फुल बॅकने किंवा मिडफिल्डरने द्यायचा, आणि तो चौकोनात टप्पा खाऊन थांबला पाहिजे. पहिला स्ट्रायकर आतून बाहेर असा वळसा घेत धावतो, म्हणजे बचावपटूचा मधल्या माणसाकडचा पास बंद होतो आणि बॉल टचलाइनकडे जातो. दुसरा स्ट्रायकर जवळच्या सेंटर बॅकवर. तीन सेकंदांत पहिला माणूस पोचला नाही तर तो डाव बाद. त्याच वेळी मिडफिल्ड आणि मागची लाइन दहा-पंधरा मीटर वर सरकते. बहुतेक संघांचं इथेच फसतं: पुढचे दोघे दाबतात, मागचे आठ जागेवर उभे राहतात आणि मधल्या तीस मीटरमध्ये समोरचा संघ निवांत खेळतो. थ्रो-इन मिळाला तर तो यशच धरा. गोलपासून पंचवीस मीटरवरचा थ्रो-इन म्हणजे अर्धा कॉर्नर.

पास फार लांब गेला की गोल-किक. हवेत सरळ गेला की सेंटर बॅकचं डोकं. म्हणून फुल बॅकला रोज दोन्ही पायांनी वीस-वीस पास मारायला लावा आणि चौकोनात पडलेले मोजा. वीसपैकी दहाच्या खाली असेल तर ही आखणी त्याच्याकडून सामन्यात होणार नाही.

ही आखणी कुठे कामी येत नाही, तेही चार्लटनच्याच संघाने दाखवलं. १९९० मध्ये पालेर्मोला इजिप्त खाली बसून राहिला. पाठीमागे जागाच नाही, मग बॉल टाकायचा कुठे? सामना ०-०. त्या विश्वचषकात आयर्लंडने पाच सामन्यांत दोनच गोल केले, आणि रोमानियाला हरवलं तेही पेनल्टींवर. खाली बसणाऱ्या संघाविरुद्ध दुसरी काहीतरी तयारी हवी, आणि माजी बचावपटूला सर्वांत लवकर जमणारी तयारी म्हणजे सेट पीस: कॉर्नर, फ्री किकसारखे थांबलेल्या बॉलवरून सुरू होणारे डाव.

सेट पीस

२०१८ च्या विश्वचषकात साउथगेटच्या इंग्लंडने १२ गोल केले, त्यातले ९ थांबलेल्या बॉलवरून आले (तीन पेनल्टी धरून). कॉर्नरला चार-पाच खेळाडू पेनल्टी स्पॉटपाशी एकामागोमाग रांगेत उभे राहायचे आणि किक मारायच्या क्षणी फुटायचे. रांगेत कोणी कोणाला धरायचं ते बचावपटूला कळत नाही, आणि मध्ये शिरायला गेला तर आपल्याच सोबत्यावर आदळतो. हेडरने गोल करणारा बहुतेक वेळा रांगेत तिसरा किंवा चौथा ठेवा. पहिले दोघे वाट मोकळी करतात.

कॉर्नरचे तीनच प्रकार शिकवा. नऊ शिकवले की सामन्यात चौघांना वेगवेगळे आठवतात. खूण किक मारणाऱ्याच्या हाताची, आणि दर सामन्याला ती बदलायची.

आपल्या गोलवर कॉर्नर असेल तर ही मांडणी चालते: कीपर, जवळच्या खांबाला एक, साडेपाच मीटरच्या चौकटीच्या रेषेवर तीन, समोरच्या तीन सर्वांत उंच खेळाडूंना चिकटलेले तीन, बॉक्सच्या कडेला एक, छोट्या कॉर्नरवर नजर ठेवणारा एक आणि पुढे एक. झाले अकरा. रेषेवरचे तिघे सर्वांत चांगले हेडर असावेत. चिकटणाऱ्या तिघांचं काम हेडर जिंकण्याचं नसतं, समोरच्याची धाव मोडण्याचं असतं. हे त्यांना स्पष्ट सांगितलं नाही तर तेही बॉलकडे बघत बसतात.

आठवडा आणि सामना

रविवारी सामना असेल तर मंगळवार दमाचा, बुधवारी लाइनची पंचवीस मिनिटं, गुरुवारी आक्रमण, शुक्रवारी सेट पीसची वीस मिनिटं, शनिवारी चाळीस मिनिटांत घरी. नोकरी सांभाळून खेळणारा संघ असेल आणि तीनच संध्याकाळी मिळत असतील, तर दमाचं काम छोट्या मैदानावरच्या खेळातून काढा आणि बाकी तीन विषय एकेका संध्याकाळी घ्या. लाइनची संध्याकाळ कधीही गाळू नका.

सामन्यात ओरडायचं काम मैदानातल्या दोघांना वाटून द्या: लाइन हलवणारा सेंटर बॅक आणि मधला मिडफिल्डर. तुम्ही फक्त जवळच्या फुल बॅकशी बोला, आणि तेही बॉल थांबलेला असताना. मध्यंतराची पहिली चार-पाच मिनिटं खेळाडूंना पाणी पिऊ द्या, तेवढ्यात सहायकाशी बोलून दोन मुद्दे ठरवा. तिसरा मुद्दा कितीही खरा असला तरी पुढच्या सरावासाठी ठेवा.

देशाचा संघ हाती आला तर हे सगळं आणखी आटोपशीर करावं लागतं. आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या खिडकीत, म्हणजे क्लब खेळाडूंना देशासाठी सोडतात त्या दिवसांत, पहिल्या लढतीआधी तीन-चार सराव मिळाले तरी नशीब. क्रोएशियाचा माजी बचावपटू इगोर स्टिमॅच २०१९ ते २०२४ भारताचा कोच होता, आणि खेळाडूंना जास्त दिवस सोडा, हे क्लबांकडे त्याचं सततचं मागणं होतं. तीन सरावांत लाइन, एक दाबण्याची जागा आणि दोन कॉर्नर एवढंच मावतं. चार्लटनची आखणी क्लबपेक्षा देशाच्या संघात जास्त फळली, त्याचं हे एक मोठं कारण.

निघायची वेळही आधी ठरवून ठेवलेली बरी. मिडल्सब्रोला चार मोसम झाल्यावर चार्लटन स्वतःच निघाला. आयर्लंडला तो जवळपास दहा वर्षं राहिला आणि डिसेंबर १९९५ मध्ये ॲनफिल्डवर नेदरलँड्सकडून २-० हरल्यावर ते पर्व संपलं. तोवर त्याची आखणी समोरच्या सगळ्यांना पाठ झाली होती. एका क्लबमध्ये तिसऱ्या मोसमात तुमचे कॉर्नर समोरचा संघ खूण बघून ओळखायला लागला, तर आधी कॉर्नर बदला. चौथ्या मोसमात तुमचंच बोलणं खेळाडू तुमच्या आधी पूर्ण करायला लागले, तर नवा क्लब शोधायला लागा. जाताना सरावांच्या वह्या, दुखापतींच्या नोंदी आणि मुलांच्या संघातल्या चांगल्या पोरांची यादी पुढच्या कोचच्या हातात द्या.